वहिनीची युक्ती

१२ फेब्रुवारी

प्रिय चिंगी,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. मावशींना फोन केला की त्या सांगतात, बरी आहे, जेवते, झोपते. एवढं तर मी आपल्या मांजराबद्दलही सांगू शकेन. मला जे विचारायचं असतं ते मावशींना विचारता येत नाही.

हात कसा आहे? टाके काढल्यावर अंगठा आणि करंगळी बऱ्यापैकी हलतात, असं तुझा दादा सांगत होता. मधल्या तीन बोटांच्या जागी अजून दुखतं का? रुग्णालयातली नर्स म्हणाली होती की नसलेली बोटंही दुखतात. मला तेव्हा ते खरं वाटलं नव्हतं. उत्तर द्यायलाच पाहिजे असं नाही. म्हणजे दे, पण मनापासून वाटलं तरच दे.

इकडे सगळं आहे तसंच आहे. तुझ्या पलंगावर आईंनी धुतलेल्या कपड्यांचा ढीग ठेवायला सुरुवात केली होती, मी तो उचलून दुसरीकडे ठेवला. तुझा दादा टीव्ही लावतो आणि भिंतीकडे बघत बसतो. आई दिवसातून एकदा तरी म्हणतात की पोरगी पहिल्यापासून वेंधळीच. लहानपणी कपबशा कशा फोडायचीस, दुधाचं पातेलं कसं लवंडलं होतंस, शेजारच्यांच्या लग्नात पाय अडखळून थेट नवऱ्यामुलाच्या अंगावर कशी पडली होतीस, सगळं परत निघतं. शेवटी सुस्कारा टाकून म्हणतात, मशीनवर असं चालत नाही ना. मी ओट्याकडे तोंड करून भांडी घासत राहते. घासलेलं भांडं परत घासते.

पत्राचं खरं कारण सांगते. सरकारी निरीक्षक बाई परत येणार आहेत. पुढच्या महिन्यात पुन्हा चौकशी आहे. पहिल्या अहवालात त्यांनी लिहिलंय की कामगाराने हातमोजा मनगटाशी रबरबँडने घट्ट बांधला होता, तसं करायला कारखान्याने सांगितलं नव्हतं, म्हणून चूक कामगाराची. चूक तुझी ठरली की भरपाई नाही आणि बसून करायचं काम मागायचा हक्कही नाही. हे सगळं तुला माहीत आहे, तरी लिहितेय. ते लिहिल्याशिवाय पेन पुढे सरकेना.

रुग्णालयात तू त्यांना सांगितलंस, मीच बांधला होता. मी तुझ्या पायथ्याशी तुझ्या चपला हातात घेऊन उभी होते. तू माझ्याकडे बघितलं नाहीस. मला वाटलं, औषधाची गुंगी आहे, उतरली की बोलू. गुंगी उतरली आणि तू मावशींकडे निघून गेलीस.

जप स्वतःला.

तुझी
वहिनी


२१ फेब्रुवारी

चिंगी,

उत्तर नाही. ठीक आहे. मी तुझ्या जागी असते तर मीही दिलं नसतं, पण निदान रिकामं पाकीट तरी पाठवलं असतं, समोरच्याच्या जिवाला घोर नको म्हणून. राग आला ना आता? येऊ दे. राग आला तरी तू आपल्या घरातलीच आहेस असं वाटतं.

मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा सांगितला, म्हणजे काम मोठं होतं. म्हणाले, त्या दिवशी काय घडलं ते नीट आठवून ठेवा, दोन्ही वेळेला एकच सांगता आलं पाहिजे. आठवून ठेवा म्हणे! विसरायला जमलं असतं तर काय हवं होतं. आरशासमोर उभी राहून बोलून बघितलं, पण स्वतःच्याच तोंडाकडे बघत बोलता येईना. म्हणून तुला लिहून बघते. तू तिथे होतीस. चुकलं तर तुला कळेल.

हातमोज्यांपासून सुरू करावं लागेल. कोठारातून खोकं येतं ते एकाच मापाचं. ट्रकवर गाठोडी चढवणाऱ्या बाप्यांच्या पंजांचं माप. आपण बायका घातले की बोटांच्या टोकाला इंच इंच कापड रिकामं लोंबतं आणि मोजा सारखा घसरतो. न घालावा तर धुलाईतून आलेल्या ओल्या गरम चादरी आणि इस्त्रीच्या रोलरची तापलेली कड. सगळ्या जणी दातांनी मोजा वर ओढायच्या आणि पुन्हा चादर धरायच्या. आठवतंय, लंबू म्हणायची, पगार हातांचा आणि कष्ट दातांचे.

तेव्हा मीही रोलरवर होते. एक दिवस घडी केलेल्या चादरींच्या गठ्ठ्याचा रबरबँड काढला आणि मनगटावर मोज्यावरून दोन वेढे दिले. मोजा बसला. शेजारणीने बघितलं, तिने केलं. आठवड्याभरात सगळ्या ओळीने केलं. चादरी भराभर जायला लागल्या, मॅनेजरसाहेब खूश झाले आणि काही महिन्यांत मी सुपरवायझर झाले. तू कामाला लागलीस, तिथेही मला 'वहिनी'च म्हणायचीस आणि पूर्ण कारखान्याची मी वहिनी झाले. रबरबँडलाही मग 'वहिनीची युक्ती' म्हणायला लागल्या. नवी मुलगी आली की पहिल्या दिवशी मीच तिच्या मनगटावर बांधून दाखवायची. तुझ्याही.

आता तो दिवस. तू आणि लंबू चादरीची दोन टोकं धरून रोलरमध्ये घालत होतात. लंबू किल्ली घेऊन गेली. बायकांचं स्वच्छतागृह मालाच्या अंगणापलीकडे, ट्रकच्या मागे, आणि ड्रायव्हर लोक आत घुसतात म्हणून त्याला कुलूप. जाऊन येईपर्यंत चहा निवतो. तू एकटी राहिलीस. एकटीने चादर घालायची म्हणजे वाकून एक टोक लावायचं, मग धावत जाऊन दुसरं. उजव्या मोज्याचं रिकामं टोक चादरीबरोबर आत गेलं. मोजा सैल असता तर निघून गेला असता आणि तुझा हात बाहेर राहिला असता. तो निघाला नाही.

रोलर थांबवायची दोरी वर आहे. लंबूचा हात पोचतो, तुझा पोचत नाही, माझाही नाही. तू डावा हात वर करून उड्या मारत होतीस. अक्का चादरींच्या ट्रॉलीवर चढली, या वयात, आणि तिने दोरी ओढली. मी भिंतीपाशी माझ्या जागेवर होते, तिथून धावत आले.

हे असं सांगितलं तर बरोबर आहे ना? मला जे विचारलं होतं ते मी सांगितलं होतं.

तुझी
वहिनी


२ मार्च

चिंगी,

मागच्या पत्रात मी दोन गोष्टी गाळल्या. पत्र पेटीत टाकलं आणि घरी येता येता दोनदा मागे वळले. परत जाऊन पेटीत हात घालायचा विचारही आला, पण त्या फटीत हात जातो कुठे.

पहिली गोष्ट. लंबू गेली तेव्हा तू मला विचारलं होतंस, वहिनी, ती येईपर्यंत मशीन थांबवू का? नियम आहे, रोलरवर दोघी नसतील तर थांबवायचं. तो नियम भिंतीवर माझ्याच डोक्याच्या वर लावलाय. आणि मी म्हटलं, चालू ठेव गं, आत्ता येईल ती. त्या दिवशी एका हॉटेलचा माल संध्याकाळच्या आत निघायचा होता. तू मान हलवलीस. तू माझ्या शब्दाबाहेर कधी गेलीस? घरात जातेस, भाजीच्या मिठावरून जातेस, पण कारखान्यात कधीच नाही.

दुसरी गोष्ट तुला माहीत नसेल, कारण तू तेव्हा रुग्णालयात होतीस. पहिल्या चौकशीला निरीक्षक बाईंनी सगळ्यांना रोलरपाशी उभं केलं आणि विचारलं, हे रबरबँड बांधायला कोणी शिकवलं? सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. चुगली म्हणून नाही, नेहमीच्या सवयीने, कामाचं काही विचारलं की बघतात तशा. मी म्हटलं, शिकवत कोणी नाही, मुली आपापल्या मनाने करतात. अक्काने लगेच मान डोलावली. मग सगळ्यांनी डोलावली. बाईंनी लिहून घेतलं.

एवढं बोलायला मला क्षणभरही लागला नाही. जीभ अडखळलीसुद्धा नाही.

त्या रात्री तुझ्या दादाने विचारलं, चौकशीत काय झालं. मी म्हटलं, काही नाही, कागद रंगवले. तो अजूनही तेवढंच समजतो. बहिणीचा हात गेला आणि बायको रोज समोर जेवायला वाढते, आणि त्याला काही माहीत नाही. कधी वाटतं, त्याने माझ्या मनातलं ओळखून ताट फेकावं. तो आणखी भात मागतो.

तू म्हणशील, मग बोलली का नाहीस. घराचं बघ ना जरा. तुझ्या दादाचे कामाचे तास कमी केलेत. आईंची औषधं थांबवता येत नाहीत. भाडं कोण भरणार? मी खरं बोलले असते तर सुपरवायझरकी त्याच दिवशी गेली असती, कदाचित नोकरीही. घर बुडालं असतं, आणि तुला ते बघवलं असतं? म्हणून मी मूग गिळून बसले. वाईट वाटतं, नाही असं नाही. रोज वाटतं. स्वतःची लाज वाटते. पण घराकडे बघून गप्प बसले, हे तरी समजून घे.

वहिनी


१० मार्च

चिंगी,

तुझ्या जागी नवी मुलगी घेतलीय. गालाची हाडं वर आलेली, बोलायला मऊ, दर वाक्याला 'हो वहिनी' म्हणणारी. कामाला लागली त्याच आठवड्यात रोलरसमोर चक्कर येऊन पडली. तोंडावर पाणी मारलं, उठली आणि म्हणाली, सकाळपासून पाणी प्यायले नाही. का? तर पाणी प्यायलं की किल्ली मागावी लागते आणि किल्ली मागायला लाज वाटते. तिला दिवस गेलेत. अजून कोणाला सांगितलेलं नाही. मला ते त्याच दिवशी किल्लीमुळे कळलं, मी बळेच पाणी पाजल्यावर तिसऱ्यांदा मागायला आली तेव्हा.

तुला माहीत आहे, किल्लीमुळे मला सगळ्यांचं सगळं कळतं. कोणाची पाळी कधी, कोणाला लघवीला जळजळतं, कोणाचं बाळ अंगावर पितंय आणि दूध पिळायला जायचंय. माझ्यासमोर येऊन उभ्या राहतात, इकडेतिकडे बघतात, हळूच बोट वर करतात. मोठ्या बायका, स्वतःची मुलं शाळेत जाणाऱ्या. आणि मी कमरेची किल्ली काढून देते, दर वेळी जरा थांबून. ते थांबणं कशासाठी असायचं, हे मी त्या मुलीचं तोंड पुसताना पहिल्यांदा स्वतःला विचारलं. उत्तर आवडलं नाही.

पण सांगायचं होतं ते पुढचं आहे. दुसऱ्या दिवशी ती परत कामाला उभी राहिली आणि बघते तर तिच्या दोन्ही मनगटांवर रबरबँड. अक्काने बांधून दिले होते. माझ्या डोळ्यांपुढे तुझा हात आला. कात्री घेतली, धावत गेले आणि मनगट धरून दोन्ही कापले. तिला खेकसले, कोणी सांगितलं तुला हे बांधायला? ती घाबरून मागे सरली. सगळ्या ओळीचे हात थांबले. मग ती मुलगी अगदी साधेपणाने म्हणाली,

"पण वहिनी, ही तर तुमचीच युक्ती ना? सगळ्या तसंच म्हणतात."

मी कात्री ठेवली आणि तडक मॅनेजरसाहेबांकडे गेले. म्हटलं, लहान मापाचे हातमोजे मागवा, बाजारात मिळतात, दोन मापांचे मागवले की झालं. दोरी खाली घ्या. तिला दिवस गेलेत, तिला घडीच्या टेबलावर बसू द्या. ते म्हणाले, सगळं करू, चौकशी होऊन जाऊ दे. आत्ता लहान मोजे मागवले तर आधीचे चुकीचे होते असं आपणच कबूल केल्यासारखं होईल. आवाज चढवला नाही, मला खुर्ची दिली. जाताना म्हणाले, तुम्ही समजूतदार आहात.

तेवढी मुलगी मी टेबलावर बसवली. बाकीच्या मात्र मोठ्या मोज्यांतच आहेत. रबरबँड मी सगळ्यांचे काढून घेतले, तर चादरी हळू जातात आणि त्या माझ्यावर चिडतात.

चहाच्या सुट्टीत अक्का बाजूला घेऊन म्हणाली, तू जिवाला लावून घेऊ नकोस, आम्ही सगळ्या एकच सांगणार, चिंगी आपल्या मनाने बांधायची, बस. लंबूसुद्धा. त्यांना वाटतं त्या मला वाचवताहेत. मी त्यांना अडवलं नाही. अक्काचा हात धरून मी तिला चहा ओतला.

चौकशी मंगळवारी आहे. तुलाही बोलावलंय म्हणे. येशील का? तू आलीस तर माझं काय होईल आणि नाही आलीस तर काय होईल, दोन्हींची मला भीती वाटते.

वहिनी


१९ मार्च

चिंगी,

काल तू मला दाराबाहेर एक प्रश्न विचारलास आणि मी त्याचं खोटं उत्तर दिलं. म्हणून आज लगेच लिहितेय. पण आधी आत काय झालं ते सांगते. तू ऐकलंस ते इतरांकडून, आणि इतरांनी मला फार चांगलं करून सांगितलं असणार.

तुला पहिल्यांदा आत बोलावलं. मी कोपऱ्यात होते. तू डाव्या हाताने खुर्ची ओढलीस आणि बाईंनी विचारल्यावर पुन्हा तेच म्हणालीस, मीच बांधला होता. रुग्णालयात म्हणालीस तसंच, त्याच आवाजात. या वेळेला गुंगी नव्हती. मग तू माझ्याकडे बघितलंस. रागाने बघितलं असतंस तर बरं झालं असतं. तू वाट बघत होतीस. मी खाली बघितलं आणि तू बाहेर जाऊन बाकावर बसलीस.

तुझ्यानंतर अक्का. चिंगी आपल्या मनाने बांधायची, बाई. मग लंबू. तिला नीट खोटं बोलता येत नाही, कान लाल झाले, पण बोलली. मग आणखी दोघी. शब्दसुद्धा तेच. मॅनेजरसाहेब पेनाचं टोपण काढत आणि लावत होते. मग निरीक्षक बाईंनी एक विचित्र गोष्ट केली. त्यांनी सगळ्यांना हात पुढे करायला सांगितले, शिंप्याची पट्टी काढली आणि एकेकीचा तळवा मापला. मग खोक्यातला मोजा मापला. दोन्ही आकडे लिहून घेतले. आणि शेवटी नव्या मुलीला विचारलं, तूही रबरबँड बांधलेस का, आणि कोणाच्या सांगण्यावरून?

ती माझ्याकडे बघायला लागली. अक्काने तिला कोपर मारलं. तिने खाली मान घातली आणि पुटपुटली, माझ्याच मनाने बांधले. तिचंही बोट गेलं असतं ना, तर तीही हेच म्हणाली असती. ते ऐकून मी उठले. धाडस बिडस काही नव्हतं.

मी म्हटलं, "या सगळ्या खोटं बोलताहेत, माझ्यासाठी. युक्ती माझी. प्रत्येकीला मी शिकवली, चिंगीला माझ्या हाताने बांधली. ती एकटी असताना मशीन थांबवू का म्हणून तिने विचारलं होतं, मीच चालू ठेव म्हटलं. मागच्या वेळेला तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले."

साहेबांच्या हातातलं टोपण खाली पडलं. अक्काचा चेहरा मला बघवला नाही. नंतर अंगणात तिने मला गाठलं आणि म्हणाली, बोलायचंच होतं तर आधी बोलायचंस, आम्हाला सगळ्यांना तोंडघशी का पाडलंस? खरं आहे तिचं. तिलाही मी वापरलं.

बाईंनी निकाल तिथेच सांगितला नाही, पण अहवाल बदलणार हे सांगितलं. चूक तुझी नाही असं लिहिणार आहेत. हातमोजे दोन मापांत आणायचे, दोरी खांद्याच्या उंचीला आणायची, एक बाई उठून गेली की बदली बाई उभी राहिल्याशिवाय रोलर फिरवायचा नाही. स्वच्छतागृह कामाच्या खोलीला लागून बांधायचं, कुलूप आतून, किल्ली कोणाकडेच नाही. जिला दिवस गेलेत तिने सांगितलं की तिला बसून काम द्यायचं, आणि ते सांगायला सुपरवायझरच्या मेहरबानीची गरज लागू नये. हे शेवटचं त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. मी सुपरवायझर उरलेली नाही. उद्यापासून परत रोलरवर, लंबूच्या समोर. ती माझ्याशी बोलत नाहीये.

घरी तुझ्या दादाला सगळं सांगितलं. तो उठून गच्चीवर गेला आणि सकाळी परत आला. आई म्हणाल्या, मग पोर वेंधळी नव्हती? मी म्हटलं, नव्हती, आई. त्या पदर तोंडाशी धरून मला म्हणाल्या की माझ्यासमोरून जा.

आता तुझा प्रश्न. मी बाहेर आले तेव्हा तू बाकावरून उठलीस. आत काय झालं ते लंबूने तुला सांगितलं होतं. तू विचारलंस, "वहिनी, एवढे दिवस का?" मी म्हटलं, घर, गं. दादाचे तास कमी झालेत, आईंची औषधं, भाडं. तू सगळं ऐकून घेतलंस. मग म्हणालीस,

"ते तर मला माहीत होतं. म्हणून मी बोलले नव्हते."

आणि गेलीस.

घरासाठी तू गप्प बसलीस, चिंगी. भावाचं घर बुडू नये म्हणून. ते कारण तुझं होतं. मी ते उसनं घेतलं आणि पत्रात स्वतःच्या नावावर लिहिलं. तुझा हात गेला तरी तुझ्याकडे ते कारण खरं होतं, माझ्याकडे सगळं शाबूत असून खोटं होतं.

खरं कारण सांगते. सुपरवायझर व्हायच्या आधी कारखान्याच्या मेळाव्यात साहेबांनी मला व्यासपीठावर बोलावलं होतं. तू तेव्हा कामाला नव्हतीस, तुला ठाऊक नाही, मी घरीही कोणाला सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, या बाईने डोकं चालवलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, ड्रायव्हर लोकांनीसुद्धा. मला शाळेत कधी कोणी हुशार म्हटलं नाही. माहेरी नाही, सासरी नाही. स्वयंपाक बरा करते म्हणतात, बस. जन्मात माझ्या डोक्यातून निघालेली एकच गोष्ट होती आणि ती त्या दिवशी तुझ्या मनगटावर होती.

तुझा हात बाहेर काढला तेव्हा मोजा फाटला होता, रबरबँड तसाच होता. मला तेव्हाच सगळं कळलं, अक्का ट्रॉलीवरून खाली उतरायच्या आधी. कळलं आणि मी ठरवलं की हे खरं नसणार. ती युक्ती चुकीची होती असं म्हटलं तर मग माझ्याकडे काय उरलं असतं, असं मनात आलं. तू खाली बसून किंचाळत होतीस आणि माझ्या मनात हे आलं.

घर बिर काही नाही. एवढंच कारण होतं, आणि ते इतकं क्षुल्लक होतं की तुझ्या तोंडावर सांगायची मला लाज वाटली.

वहिनी